नर्सिंगच्या मुलींना एकमेकींकडून शिकू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

१२ मेला परिचारिका दिन झाला. हातात दिवे घेऊन शपथ घेणाऱ्या मुलींची छायाचित्रं आपल्या अंकात पाहिली आणि मला माझी पहिल्या वर्षातली मेडिसिन वॉर्डची पोस्टिंग आठवली. साल १९८३. खाटेशी उभी राहून मी आजोबांना म्हणाले, ‘‘श्वास मोजते हं,’’ आणि त्यांच्या छातीकडे टक लावून बघत बसले. तिसऱ्या वर्षाच्या एका ताईने मला हाताला धरून बाजूला नेलं. ‘‘असं सांगितलंस की पेशंटचा श्वास बदलतो. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडू नकोस. नजर छातीवर ठेव, पूर्ण मिनिट.’’ पुस्तकात हे होतंच. हातात आलं ते त्या सकाळी. इन्चार्ज सिस्टरना विचारायची माझी छाती झाली नसती.

पुढे तीसहून अधिक वर्षं सरकारी नोकरी केली, बदल्यांमध्ये चार जिल्हे पाहिले, परिसेविका, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर, म्हणून निवृत्त झाले. जिथे जिथे विद्यार्थिनी यायच्या तिथे चित्र बहुधा एकच. एका खाटेभोवती दहा-बारा जणी, एक राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घालते आणि मागच्यांना पुढच्यांच्या पाठी दिसतात. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष तीन रुग्णांमागे एक विद्यार्थी असा आहे. वॉर्डात गर्दी होते ती वेळापत्रकामुळे. पहिलं वर्ष सकाळी, तिसरं वर्ष संध्याकाळी नाहीतर रात्री. दोघींची गाठ पडते ती हॉस्टेलच्या मेसमध्ये.

एका वर्षी मी आणि तिथल्या ट्यूटर मॅडमनी मिळून एक सीनियर आणि एक ज्युनियर अशा जोड्या लावल्या. एका सकाळी ज्युनियर मुलगी २० युनिट इन्सुलिन भरत होती. व्हायल (औषधाची बाटली) ४० ची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट; सिरिंज मात्र नारिंगी टोपीची, म्हणजे १०० च्या व्हायलसाठीची. २० च्या रेषेपर्यंत भरलं तर पेशंटला जाणार अवघे ८ युनिट. सीनियरने हात धरला, लाल टोपीची, म्हणजे ४० ची, सिरिंज दाखवली आणि दोघी कागदावर गणित मांडू लागल्या. उलट झालं असतं, १०० ची व्हायल आणि ४० ची सिरिंज, तर २० च्या जागी ५० गेले असते, हे त्या ज्युनियरनेच शोधून काढलं. मी मुद्दाम लांब उभी राहिले. मी मध्ये पडले असते तर ती घाबरून ‘‘हो सिस्टर’’ म्हणाली असती आणि गणित राहून गेलं असतं.

याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर सगळ्या पेशंटच्या श्वासापुढे ‘२०’ लिहून मोकळं व्हायचं, हेही सीनियरच शिकवते. एकीची वाईट सवय दोन वर्षांत अख्ख्या बॅचची होते. म्हणून जी प्रोसिजर शिकवायची ती सीनियरने आधी ट्यूटरसमोर करून दाखवलेली असावी, आणि ट्यूटर ऑफिसात नव्हे, वॉर्डात असावी. इंजेक्शन आणि रक्त देताना स्टाफ सिस्टर शेजारी हवीच. स्टाफ कमी आहे म्हणून या जोड्यांवर वॉर्ड सोपवणं, किंवा शिकवण्याच्या नावाखाली ज्युनियरकडून आपली केसबुकं (रुग्णांच्या अभ्यासाच्या वह्या) लिहून घेणं, हे मात्र मुळीच चालू देऊ नये.

माझी मागणी नर्सिंग महाविद्यालयांच्या प्राचार्यांकडे आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे आहे. ड्युटी चार्टवर एका खाटेसमोर दोन नावं लिहा, निदान दोन आठवडे तीच जोडी ठेवा. २०२१ च्या सुधारित बी.एस्सी. अभ्यासक्रमात प्रत्येक कौशल्याची नोंद ठेवायची आहे. तिथेच सीनियरने कोणाला काय शिकवलं याचीही नोंद होऊ द्या, ते तास तिच्या खात्यावर धरा. आज तिची ही मेहनत कुठेच दिसत नाही. (मुली म्हणते आहे खरी, पण आता मुलगेही येतात आणि त्यांनाही हे तितकंच लागू आहे.)

माझं सेकंदकाट्याचं घड्याळ अजून चालू आहे. साताऱ्याच्या आसपासच्या एखाद्या संस्थेने बोलावलं तर दोन महिने रोज सकाळी वॉर्डात उभं राहायला मी विनामोबदला तयार आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त परिसेविका, सातारा