दहा मिनिटांत गेलं म्हणून सोडू नकोस

सातारा,
रविवार, सकाळ

प्रिय बंड्या,

काल फोनवर तू सहज बोलून गेलास, की मंगळवारी उजवा हात बधिर झाला, कप निसटला, जीभ अडखळली आणि दहा मिनिटांत सगळं जागेवर आलं. लगेच दवाखान्यात जा म्हटलं, तर ‘बघू’ म्हणालास. आज दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. म्हणून हे लिहितोय आणि वहिनींनाही पाठवतोय.

आमच्या आण्णांच्या अर्धांगवायूच्या झटक्याचं मी तुला कधी नीट सांगितलं नाही. त्यांचंही तोंड आधी असंच थोडा वेळ वाकडं झालं होतं. उन्हाचा त्रास असेल, म्हणून आम्ही गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी पहाटे ते पलंगाशेजारी पडलेले दिसले. कुणी नाकाला कांदा लावला, कुणी पाणी पाजलं, त्यानं जोराचा ठसका लागला. आधी जवळचा दवाखाना, मग दुसरा. स्कॅन होईपर्यंत अकरा वाजले. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, ‘शेवटचं धडधाकट कधी पाहिलं?’ आदल्या रात्री दहाला. मेंदूच्या नसेत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तेव्हापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. तेही सीटी स्कॅन झाल्यावरच, कारण मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर तेच औषध जिवावर बेततं, आणि गुठळीचा आणि रक्तस्रावाचा, दोन्ही झटके बाहेरून सारखेच दिसतात. घरी ॲस्पिरिन द्यायची नाही, तीही याचसाठी.

आण्णा वाचले. पण रोज मोठ्यानं पेपर वाचून दाखवणारा माणूस शेवटपर्यंत ‘पाणी’ हा शब्द शोधत राहिला.

तुला झालं ते बहुतेक टीआयए, म्हणजे मेंदूचा तात्पुरता झटका असावा. गुठळी अडकते आणि आपोआप सुटते. खरा झटका येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो, पण पुढचे काही आठवडेही तो असतोच. तेव्हा उद्यावर ढकलू नकोस, आजच जा. मेंदूचा एमआरआय, मानेच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, ईसीजी, साखर हे सगळं होऊ दे. ठोके अनियमित असतील तर हृदयातच गुठळ्या होऊ शकतात, आणि त्याचं औषध वेगळं असतं. आणि बीपीची गोळी! नॉर्मल आलं म्हणून बंद केलीस ना? अरे, गोळीमुळेच नॉर्मल आलं होतं. तंबाखूबद्दल मी भेटल्यावर बोलेन, आणि ते तुला आवडणार नाही.

वहिनी, पुन्हा तोंड वाकडं झालं, हात गळला किंवा बोलणं बोबडं झालं, तर आधी घड्याळ बघा, वेळ लिहून ठेवा आणि १०८ लावा. तोंडात पाणीसुद्धा घालू नका. सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन रात्री-अपरात्रीही कुठे मिळतं, ते आत्ताच चार ठिकाणी फोन करून विचारा. मोठ्या नसेतली गुठळी तारेनं ओढून काढायची सोय कुठे आहे, तेही विचारा.

मी दहाच्या एसटीनं कोल्हापूरला निघतोय. माझी वाट बघत थांबू नका, तुम्ही पुढे व्हा, मी थेट दवाखान्यात येतो. जुनी फाइल आणि गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या.

तुझा,
सुऱ्या