शिकाऊ चालकांना हा डेमो खेळू द्या

महोदय,

कराडला माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. गेम खेळून पोरं रस्त्यावर बेफाम होतात, असं आमच्या धंद्यात सर्रास बोललं जातं. भाच्याने प्लेस्टेशन या गेम खेळायच्या यंत्रावर ‘माय फर्स्ट ग्रॅन टुरिस्मो’ हा मोटार शर्यतीचा डेमो गेम लावून दिला आणि माझं मत पुष्कळ बदललं. २०२२ साली आलेल्या ‘ग्रॅन टुरिस्मो ७’चा हा छोटा नमुना ६ डिसेंबर २०२४ पासून फुकट मिळतो.

यात चक्क लायसन्सच्या परीक्षा आहेत! वळणात शिरल्यावर जोरात ब्रेक दाबला, की पुढची चाकं स्टिअरिंगचं ऐकत नाहीत आणि गाडी सरळ बाहेरच्या कडेला जाते. वेग वळणाआधीच उतरवायचा, हे मी वर्गात घसा कोरडा पडेपर्यंत सांगतो. इथे ते पोरांना डोळ्यांनी दिसतं. प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरवर ब्रेकचं बटण जोरात आवळलं तर ते बोटाखाली थरथरतं. खऱ्या गाडीत एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, लागल्यावर पेडल पायाखाली थरथरतं, अगदी तसंच.

अर्थात हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा दाबून, चढाला गाडी धरणं कंट्रोलरवर शिकता येत नाही. रस्त्यात आडवं येणारं माणूस नाही, गुरं नाहीत, उलट दिशेने येणारी दुचाकीही नाही. म्हणून रस्त्यावरच्या सरावाला हा पर्याय नव्हे. पण अठरा पूर्ण व्हायची वाट बघणाऱ्या मुलांच्या पालकांनी खेळ बंद करण्याऐवजी शेजारी बसून ब्रेक कुठे लावला ते विचारावं. गेममधल्या सूचना मराठीत नाहीत. गेमच्या कंपनीने त्या द्याव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक ड्रायव्हिंग स्कूल चालक, कराड