धरणापेक्षा पेला

पोर्टलंड, ओरेगॉन

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा ‘धरणात कुणी रोगजंतू सोडले तर?’ असं विचारलंत आणि लाइन तुटली. त्या थ्रिलरने तुमची झोप उडवलेली दिसते, म्हणून सविस्तर लिहितोय.

इथून दीडेक तासावर, कोलंबिया नदीकाठी द डॅल्स नावाचं गाव आहे. १९८४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथली ७५१ माणसं जुलाब-तापाने आजारी पडली. ४५ जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं. दगावलं मात्र कुणी नाही. दहा हॉटेलांतल्या सॅलडमध्ये साल्मोनेला नावाचा जुलाबाचा जंतू मुद्दाम मिसळला होता. मिसळणारे कोण, तर रजनीशांचे शिष्य. हो, आपल्या कोरेगाव पार्कातले रजनीश, १९८१ मध्ये पुणं सोडून इकडे आलेले. नोव्हेंबरात काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्ह्याची, निवडणूक होती. गावकरी मतदानाला उठूच नयेत असा बेत, आणि ही त्याची रंगीत तालीम.

मला खरी चीड येते ती सरकारी अहवालाची. ठपका ठेवला हॉटेलातल्या पोरांवर, हात नीट धुतले नसतील म्हणून! सप्टेंबर १९८५ मध्ये रजनीशांनीच आपल्या सेक्रेटरी शीला यांच्यावर जाहीर आरोप केले, मग आश्रमाची झडती झाली आणि तिथल्या प्रयोगशाळेत तोच जंतू सापडला. शीलाबाईंना वीस वर्षांची शिक्षा झाली, पण २९ महिन्यांत सुटल्या.

आता पाण्याचं. त्याआधी ऑगस्टात आश्रम बघायला आलेल्या काउंटीच्या अधिकाऱ्यांना या मंडळींनी जंतू घातलेलं पाणी प्यायला दिलं. दोघे आजारी पडले, त्यातल्या एकाला तर दवाखान्यात न्यावं लागलं. आल्यागेल्याला आधी पाणी विचारायचं, ती आपली रीत कुठे नेऊन ठेवली बघा!

पेल्यात जमलं ते धरणात जमणं कठीण. तिथे जंतू अफाट पाण्यात विरून जातात, वर गाळणी आणि क्लोरीन असतं. घात होतो तो बहुधा देखभालीत. १९९३ मध्ये इकडच्याच मिलवॉकी शहरात कुणाचा कटबिट नव्हता, तरी नळाच्या पाण्यातून चारेक लाख लोक आजारी पडले. पाण्यात होता क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा सूक्ष्म परजीवी; तो क्लोरीनला दाद देत नाही, आणि एका शुद्धीकरण केंद्रातली गाळणी नेमकी तेव्हाच कमी पडली.

तेव्हा खडकवासल्याची काळजी सोडा. आपल्या गच्चीवरच्या टाकीला झाकण आहे, कुलूप नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मागे लागा, आणि टाकी शेवटची कधी धुतली तेही विचारा.

आईला नमस्कार.

तुमचा,
नितीन