आय सेव्हनला भुलू नकोस

डोंबिवली,
११ जानेवारी २०२६

प्रिय मंदार,

परवा फोनवर तू गेमिंग कॉम्प्युटरचं ते कोटेशन वाचून दाखवलंस तेव्हा मी लोकलच्या दारात लटकलेलो. म्हणून आज बैजवार लिहितो.

'आय सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, आरजीबी कॅबिनेट.' काय भारदस्त वाटतं ना? सहा वर्षांपूर्वी मी हुबेहूब हेच घेतलं होतं. दुकानाचं नाव कशाला घेऊ, अक्कल माझीच गहाण होती. आय सेव्हन होता, पण २६००, म्हणजे २०११ सालचा. कार्ड जीटी ७३०. त्यावर गेम पळायचा नाही, लंगडत यायचा. लायटिंग मात्र अशी की आई म्हणाली, गणपतीत मखराशेजारी ठेवू.

तेव्हा प्रोसेसरचा पुढचा आकडा विचार. गेमसाठी आय फाइव्ह १२४००एफ किंवा रायझन ५ ५६०० तुला पुष्कळ झाला. दोघांतही सहा कोअर, आणि दोन्ही डीडीआर४ रॅमवर चालतात. रायझनच्या नव्या प्रोसेसरांना लागणाऱ्या एएम५ मदरबोर्डाला पुढच्या पिढीची डीडीआर५ रॅमच लागते, आणि रॅमचे भाव गेल्या वर्षअखेरीस काय भडकलेत ते तू बघितलंसच. एकच १६ची स्टिक घेऊ नकोस, ८च्या दोन घे. आणि हो, या दोन्ही प्रोसेसरांत आतलं ग्राफिक्स नाही. कार्ड वॉरंटीला गेलं की मॉनिटर काळाठिक्कर.

तुझ्या बजेटच्या ७० हजारांतले ३५-४० टक्के ग्राफिक्स कार्डावर जाऊ देत. १०८०पीला, म्हणजे फुल एचडी मॉनिटरला, आरटीएक्स ५०६० मस्त चालेल. आठच जीबीचं आहे, गेमच्या सेटिंगमध्ये टेक्श्चर (चित्रातले बारकावे) सगळ्यात वर नेलेस तर काही नव्या गेममध्ये कुरकुरेल. मॉनिटर धरून ७० म्हणत असशील तर मात्र आरएक्स ६६००वर समाधान मान.

आता एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. कॅबिनेटसोबत 'फुकट' मिळतो तो तिथेच ठेवून ये. माझ्या एसएमपीएसवर ४५० वॉट छापलं होतं, आणि हातात घेतला तर रिकाम्या पोह्यांच्या डब्यासारखा हलका. मे महिन्यातल्या एका दुपारी फट्ट! घरभर जळका वास, आणि जाताना मदरबोर्डलाही घेऊन गेला. तेव्हा चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा घे. '८० प्लस ब्राँझ' लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नकोस. तो शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. वॉरंटी किती वर्षांची ते विचार, त्यावरून कळतं.

कुडाळात पावसाळ्यात लाइट कशी जाते-येते ते मी तुला काय सांगणार! घरातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो. गेम रंगात असताना मशीन, मॉनिटर मिळून त्याच्या अगदी काठाशी पोचतील. हजार-अकराशे व्हीएचा बघ.

कोटेशनवाल्याला अजून ॲडव्हान्स देऊ नकोस. कोकणकन्येने ये, ठाण्याला उतर. आपण ग्रँट रोडला जाऊन लॅमिंग्टन रोडची चार दुकानं पालथी घालू. रविवार सोडून ये, बरीचशी बंद असतात. प्रत्येक भागाचं वेगळं जीएसटी बिल घ्यायचं आणि खोकी टाकायची नाहीत. वहिनींना सांग, एक दिवस उसना देते आहे.

तुझा,
संजा

ता. क. मॉनिटर १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) घेतलास तर विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवड. मी चार महिने ६०वर खेळत होतो आणि येईल त्याला म्हणत होतो, बघ, केवढा फरक पडतो!