गड ऊन खातो

सातारा,
10 जानेवारी 2026

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. फोनवर सांगायला गेलो असतो तर दोन मिनिटांत उरकलं असतं आणि नंतर चुटपुट लागली असती, म्हणून लिहायलाच बसलो. गेल्या शनिवारी, 3 तारखेला, किल्ल्यावर जाऊन आलो. आपल्याच, अजिंक्यताऱ्यावर. शाळेत असताना आठवड्यातून दोनदा तरी आपण वर पळायचो. पण यावेळी वाटाडी सोबत होती. माणशी तीनशे रुपये भरून आम्ही अकरा जण सूर्यास्त बघायला गेलो होतो. आणि वर पोचल्यावर मला पहिली आठवण झाली ती तुझ्या आईची. काकूंना हे पत्र वाचून दाखव, त्यांच्यासाठीही आहे ते.

आमची वाटाडी चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी. भूगोल शिकलेली, इथलीच. आदल्या दिवशी तिचा निरोप आला: एक लिटर पाणी, पूर्ण पँट, तळ न झिजलेले बूट, बॅटरी, आणि दुपारी साडेतीनला अदालत वाड्यापाशी हजर. मला वाटलं, सूर्य मावळणार सहा वाजून दहा मिनिटांनी, वर जायला फार तर तास, मग इतक्या लवकर कशाला? तिने कारण सांगितलं नाही. "काका, वर गेल्यावर कळेल," एवढंच म्हणाली.

गाडीरस्ता सोडून पायवाटेने निघालो. गवत आता पार वाळलंय. त्याची कुसळं मोज्यात शिरून टोचतात ते तुला आठवत असेल, तसंच अजून टोचतात. पहिल्या थांब्यावर तिने सगळ्यांकडून एक गोष्ट कबूल करून घेतली, वर जाऊन खाली येईपर्यंत कुणीही विडी-सिगारेट पेटवायची नाही. आपल्याकडच्या डोंगरांना दर उन्हाळ्यात वणवे लागतात. काही चुकून लागतात, काही लोक मुद्दाम लावतात, जाळलं की पुढच्या वर्षी गवत जोमाने येतं या समजुतीने. गवत येतंही, पण कोवळी रोपं, जमिनीवरची घरटी, मातीला धरून ठेवणारी मुळं, सगळं जातं आणि पहिल्या वळवात माती खाली वाहून येते. ती आणि तिचे मित्र जाळरेषा काढायला जातात, म्हणजे गवताचा पट्टा आधीच साफ करून ठेवायचा, आग तिथे येऊन अडली पाहिजे. हे सांगताना तिचा आवाज जरा चढला. मला ती तिथेच आवडली.

चढण मला जड गेली नाही. ती दर दहा मिनिटांनी थांबायची, पण थांबतोय असं वाटू द्यायची नाही. कातळाचा एक थर दाखवायची, नाहीतर समोरचा यवतेश्वराचा डोंगर. हे सगळे माथे असे सपाट का, तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक बसले आणि मधली जमीन पाण्याने झिजवली. म्हणजे मधली खोरी मागाहून झाली, डोंगर वर आले नाहीत, भोवतालचं खाली गेलं. मी इतकी वर्षं उलटं समजत होतो. सातारा ज्या सपाटीवर वसलंय, तिथेही कधीकाळी किल्ल्याच्या उंचीइतका दगड होता, हे ऐकून मी खाली पाहिलं आणि पोटात कसंसंच झालं.

साडेचारच्या सुमाराला दरवाज्यातून आत गेलो. मारुतीला नमस्कार केला. बाकीचे पश्चिमेच्या कड्याकडे वळायला लागले तशी ती म्हणाली, "तिकडे नंतर. आधी सगळे इकडे या." आणि आम्हाला मंगळाई देवीच्या देवळाच्या बाजूला, ईशान्येच्या तटावर घेऊन गेली. सूर्याकडे पाठ करून बसवलं.

आता इथे जरा सावकाश लिहितो.

तटावरून खाली पायथ्याची तुमची गोडोली दिसत होती. तळं, त्याच्या पलीकडे घरांची दाटी, त्यानंतर महामार्ग, आणि लांब पूर्वेला जरंडेश्वराचा डोंगर. सगळ्यावर पिवळं ऊन. फक्त डोंगराच्या पायथ्याला सावलीची एक काठ असलेली चादर पडली होती. ती म्हणाली, "या काठाकडे बघत राहा." आम्ही बघत राहिलो. आधी काहीच हलेना. मग मी एका पांढऱ्या गच्चीवर नजर ठेवली. गच्ची उन्हात होती. मी खाली पाण्याच्या बाटलीकडे पाहिलं, परत वर पाहिलं, तर अर्धी गच्ची सावलीत. मित्रा, ती तुमची आळी होती. तुमचं घर पाडून बांधलेल्या इमारतीची ती गच्ची होती. मी घड्याळात पाहिलं, चार वाजून सत्तेचाळीस मिनिटं.

आणि मला काकूंचा आवाज ऐकू आला. आपण ओट्यावर पत्ते खेळत असायचो आणि त्या दारातून ओरडायच्या, "अरे, गोधड्या काढा रे दोरीवरच्या, गड ऊन खातोय!" मला ते दर वेळी नवल वाटायचं. आमच्या करंज्यात, किल्ल्याच्या उत्तरेकडच्या वस्तीत, त्या वेळी लख्ख ऊन असायचं, आई अजून धुणं वाळत घालत असायची, आणि तुमच्याकडे मात्र दिवे लावायची घाई. मी एकदा घरी जाऊन आईला म्हटलंही होतं की गोडोलीत संध्याकाळ लवकर होते. ती म्हणाली, काहीतरी बोलू नकोस. चाळीस वर्षांनी मी वरून बघितलं, की खरंच होते.

तुला त्रिकोणमितीची आवड, म्हणून तिने सांगितलेला हिशेब देतो. किल्ला समुद्रसपाटीपासून हजारएक मीटर, पण खालच्या गावापासून धर तीनशे. सूर्य क्षितिजाच्या वर सतरा अंशांवर असला की तीनशे मीटरच्या डोंगराची सावली जवळजवळ एक किलोमीटर पडते. तेवढंच तुमचं घर लांब. पाच अंशांवर आला की साडेतीन किलोमीटर. आणि एका अंशावर आला की सतरा! म्हणजे सावली आधी गोगलगायीसारखी सरकते आणि शेवटी पुराच्या पाण्यासारखी धावते. तू वहीत मांडून बघ, बरोबर येतं. शिवाय थंडीत सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो, सज्जनगडाच्या बाजूला मावळतो, म्हणून सावली बरोबर विरुद्ध, ईशान्य-पूर्वेला गोडोलीवर पडते. उन्हाळ्यात ती दुसरीकडे वळते. काकूंची घाई थंडीतच जास्त असायची का, हे मला आता आठवत नाही, पण असणार.

सावली सरकत होती तेवढ्या वेळात तिने वेढ्याची गोष्ट सांगितली. शाळेत आपण ती पाठ केली होती, पण जागेवर उभं राहून ऐकणं वेगळं. डिसेंबर 1699 मध्ये औरंगजेब स्वतः इथे येऊन बसला. त्याचे तंबू कुठे होते माहीत आहे? उत्तरेला, आमच्या करंज्यात. शहाजादा आझम पश्चिमेला, त्याच्यावरूनच शहापूर हे नाव. वर प्रयागजी प्रभू किल्लेदार. साडेचार महिने किल्ला झुंजला. एप्रिल 1700 मध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग भरले. पहिला उडाला तेव्हा वरचे कितीतरी लोक गेले, खुद्द प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत निघाले. दुसरा सुरुंग उडाला तो मात्र उलटा, तट बाहेरच्या बाजूला कोसळला आणि चढायला तयार उभ्या असलेल्या मोगल फौजेवरच पडला. नंतर किल्ला त्यांना मिळाला, त्यांनी त्याचं नाव आझमतारा ठेवलं. ताराराणींनी परत घेतला तेव्हा अजिंक्यतारा झाला. पुढे 12 जानेवारी 1708 ला शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथेच झाला. परवा त्या दिवसाला 318 वर्षं होतील.

ती म्हणाली, "त्या वेढ्यात खाली करंज्यातून वर बघणाऱ्याला किल्ला कसा दिसत असेल, याचा विचार करा." मी तेच करत होतो. मी करंज्यातच वाढलो, रोज सकाळी दार उघडलं की किल्लाच दिसायचा. पण बादशहाने जिथून तो बघितला तिथूनच मीही बघतोय, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

साडेपाचनंतर आम्ही पश्चिमेच्या कड्यावर गेलो. सूर्यास्ताचं वर्णन मी करत नाही, तू असंख्य पाहिलेत. एकच सांगतो. सूर्य क्षितिजाला टेकला, किंचित चपटा झाला, तेव्हा ती म्हणाली की तो खरं तर आत्ताच पूर्ण खाली गेलाय, हवेतून येताना किरण वाकतात म्हणून आपल्याला अजून दिसतोय. आपण बघतोय ते बिंब गेलेल्या सूर्याचं. अकराही जण गप्प झालो. कुणी फोन वर केला नाही. एक लहान मुलगा होता, त्याने आईचा हात धरला.

आणि मग तिने आम्हाला पुन्हा वळवलं. पूर्वेकडे. जरंडेश्वराच्या माथ्यावरचं ऊन सगळ्यात शेवटी गेलं, विझत्या निखाऱ्यासारखं. त्याच्या मागे, क्षितिजाला लागून, एक निळसर करडा पट्टा वर चढत होता आणि त्याच्यावर गुलाबी. मला आधी वाटलं धुकं असेल, नाहीतर गुऱ्हाळांचा धूर. तो करडा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली, मित्रा. आपल्या अख्ख्या पृथ्वीची, हवेवर पडलेली. स्वच्छ आकाश असलं की रोज दिसते म्हणे, फक्त सगळे मावळतीकडे तोंड करून उभे असतात. त्या दिवशी पौष पौर्णिमा होती. थोड्या वेळाने जरंडेश्वराच्या डावीकडून, त्या करड्या पट्ट्यातूनच, चंद्र वर आला. फिका, जवळजवळ गुलाबी. मी बुरुजाच्या दगडावर हात टेकवून उभा होतो. दगड अजून उबदार होता.

आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली बुडतो, त्यामुळे वाट दिसण्याइतका संधिप्रकाश तेवीस-चोवीस मिनिटंच टिकतो. तिने ते गणित आधीच केलेलं होतं. उतरायला सुरुवात केली तेव्हा उजेड होता, घसाऱ्याचा वाईट टप्पा अंधारापूर्वी पार झाला. एका तरुणाचा पाय मुरमावर घसरला, तिने पट्टी बांधून दिली आणि त्याला आपल्या मागेच ठेवलं. बॅटऱ्या मात्र लावू दिल्या नाहीत. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकदा पांढरा उजेड डोळ्यांवर पडला की ती सवय मोडते. चांदण्यात वाट पांढरी दिसत होती. मध्ये एका ठिकाणी तिने हात वर करून थांबवलं. झुडपातून रातवा बोलत होता, चक् चक् चक्, आणि शेवटी आवाज घरंगळत गेल्यासारखा. लहानपणी आपण तो आवाज ऐकून भुताच्या भीतीने पळालो होतो ना, तोच हा. एवढासा पक्षी, वाळक्या पानाच्या रंगाचा, दिवसा पायाजवळ बसलेला असला तरी दिसत नाही.

खाली आल्यावर तिने पिशवीतून गूळ-शेंगदाणे काढून सगळ्यांच्या हातावर ठेवले. मी तिला काकूंची गोष्ट सांगितली. तिने ती नीट ऐकून घेतली, वही काढली आणि विचारलं, "त्यांचे नेमके शब्द काय होते?" मी सांगितले. तिने लिहून घेतले. यापुढे तटावर बसवून सावली दाखवताना ती हेच वाक्य सांगणार आहे, त्यासाठी काकूंची परवानगी हवी, असं तिने मला दोनदा बजावलं. तेवढी विचार.

तुमचं घर विकलं तेव्हा तू मला म्हणाला होतास, आता साताऱ्यात बघण्यासारखं माझं काही राहिलं नाही. मी त्यावर काही बोललो नव्हतो, मला सुचलंच नव्हतं. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हवा चांगली आहे, त्यानंतर ऊन तापतं आणि गवताची भीती. गुडघ्याची काळजी करू नकोस, दरवाज्यापर्यंत गाडी जाते, तिथून तटापर्यंत सपाट आहे. काकूंनाही नेता येईल. त्यांना खुर्ची मी वर नेईन.

आणि त्यांना एक विचारून ठेव. गोधड्या नेमक्या किती वाजता काढायच्या? मी माझ्या वहीत चार सत्तेचाळीस लिहून ठेवलंय.

तुझाच,
करंज्यातला दोस्त