मंत्रीमहोदय, मुलाला कुठल्या कायद्यानं परत आणू?

मा. केंद्रीय महिला व बालविकास मंत्री, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

मी खानापूर तालुक्यातली. चार महिने वाट पाहिल्यावर काल एका सरकारी कार्यालयातून दोन ओळी आल्या: भारत हेग कराराचा (एका देशातून दुसऱ्या देशात बेकायदा नेलेली मुलं परत पाठवण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) सदस्य नाही, तुम्ही ब्रिटनच्या कोर्टात दाद मागा.

कशी मागू? नवरा मे महिन्यात ‘पंधरा दिवस फिरवून आणतो’ म्हणून सात वर्षांच्या मुलाला लंडनला घेऊन गेला, तो गेलाच. शाळा सुरू झाली, गणपती येऊन गेले. मुलाचा ताबा मला देणारा कोर्टाचा हुकूम माझ्या हातात आहे. पोलीस म्हणतात, परदेशाचं आम्ही काय करणार? तिथल्या वकिलानं नुसते कागद वाचायचे पौंडात पैसे मागितले. हुकूम कन्नडमध्ये, तो आधी इंग्रजीत करून आणा म्हणाला.

हा करार 1980 चा. ब्रिटन त्यात आहे. नेलेलं मूल परत पाठवायचा निर्णय सहा आठवड्यांत व्हावा, असं त्यात लिहिलंय. आपल्याच विधी आयोगानं 2009 साली सही करा म्हणून सांगितलं, 2016 साली 263 व्या अहवालात पुन्हा सांगितलं. मग समिती नेमलीत. तिचा अहवाल 2018 मध्ये आला. पुढे काय झालं?

सही केली तर छळाला कंटाळून परदेशातून माहेरी आलेल्या बायकांना मुलांसकट परत जावं लागेल, ही तुमची भीती. ती खरी आहे. पण गंभीर धोका असेल तर मूल पाठवू नये, हे त्याच कराराच्या 13 व्या कलमात आहे. आणि मी आई नाही का? माझी भीती कुणी मोजायची?

आम्हा सीमाभागातल्यांना थांबायची सवय आहे, असं समजू नका. 2004 पासून सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. दोन राज्यं इंचाइंचासाठी भांडतात, पण इथलं एक पोर देशाबाहेर गेलं तर एक आमदार की खासदार दारात आला नाही. जमीन आहे तिथेच राहील. माझा मुलगा फोनवर आताच मराठी शब्द शोधायला लागलाय.

आज सही केलीत तरी त्याला उपयोग नाही. करार लागू होण्याआधी नेलेली मुलं त्यात बसत नाहीत, 35 वं कलम वाचलंय मी. तरी सही करा. माझ्यासाठी लंडनच्या आपल्या उच्चायुक्तालयानं हुकुमाचं भाषांतर आणि तिथल्या वकिलाची सोय करावी. त्या अहवालांचं काय केलंत तेही लेखी कळवा. मराठीत कळवा. त्याची आज्जी रोज विचारते, तिला वाचून दाखवायचं आहे.

एक आई,
खानापूर तालुका, जि. बेळगाव