तारीख अजून कंसात आहे

जिनिव्हा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

माझी प्रकृती ठणठणीत आहे आणि थंडीचाही काही त्रास नाही, हे आधीच लिहून टाकते.

बाबा, सह्यांचे फोटो छापून आल्यावरही तुमचे काम संपत कसे नाही, असे तुम्ही विचारले आहे. मुक्काम लांबवण्याचा हा बहाणा नाही. अशा मोठ्या करारांत सहीने बहुधा इरादाच कळतो. देश बांधला जातो तो अनुसमर्थनाने, म्हणजे सहीनंतर त्याने रीतसर दिलेल्या मंजुरीने. सागरी कायद्याच्या करारावर १९८२ साली सह्या सुरू झाल्या, परंतु साठ देशांची अनुसमर्थने जमून तो लागू व्हायला १९९४ उजाडले. अमेरिकेत सिनेटची दोन-तृतीयांश संमती लागते. आपल्याकडे मंत्रिमंडळाची मंजुरी पुरते. देशातला कायदा बदलायचा असेल तरच संसदेकडे जावे लागते.

आई, तुझ्या वाढदिवशी फोन आला नाही, त्याचे कारण सांगते, पण हसू नकोस. मुदत मध्यरात्री संपत असेल आणि मसुदा अडलेला असेल, तर सभागृहातले घड्याळ थांबले आहे असे सर्वांनी धरून चालायचे, अशी वाटाघाटींतली जुनी रीत आहे. म्हणजे बाहेर उजाडले तरी आत गुरुवारच चालू असतो, इतिवृत्तातही गुरुवारच लिहिला जातो, आणि मुदत पाळली गेली म्हणून सगळे समाधानाने हस्तांदोलन करतात. एकमत न झालेले शब्द चौकोनी कंसात ठेवतात. त्या रात्री पडद्यावर शेवटच्या कंसात 'करतील' आणि 'करावे' एवढेच उरले होते. पहिल्याने बंधन पडते, दुसऱ्याने नुसता सल्ला होतो. कंस काढण्याचे काम माझ्याकडे असल्याने उठता आले नाही. निघाले तेव्हा तुझा शुक्रवार जवळजवळ सरला होता. आमच्या कागदांत तो तेव्हा उगवलाही नव्हता, पण ही काही सबब नव्हे, हे मला कळते.

धाकटीच्या फीची रक्कम बाबांच्या खात्यात भरली आहे. कमी पडल्यास संकोच न करता कळवा. त्या मंडळींना माझा होकार जरूर सांगा, मी तो फिरवणार नाही. डिसेंबरची तारीख मात्र तूर्त चौकोनी कंसात ठेवा, कारण पुढची फेरी त्याच आठवड्यात यावी अशी चिन्हे आहेत. रजेचा अर्ज मी लिहून ठेवला आहे, अजून दिलेला नाही.

तुमची,
मोठी